बाई एक, रवाना खोडाळे

नवा माणूस भेटला की आपण त्याचं नाव विचारतो, गाव विचारतो, फार तर पोटापाण्याचं विचारतो. सोमा दफ्तरी आईचं नाव विचारायचा.

जव्हार संस्थानच्या दफ्तरात मी कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. वाडा गावाहून बैलगाडीनं आलो होतो, कोटावर धूळ होती. हेडक्लार्क नानासाहेबांनी मान वर न करता बोटानंच माझी बैठक दाखवली. मी टेकतो न टेकतो तोच एक शिपाई समोर येऊन उभा राहिला. चौतीस-पस्तिशीचा, रुंद हाडांचा, घोट्यापर्यंत धोतर, खांद्यावर पट्टा आणि पट्ट्यावर घासून सोन्यासारखा केलेला पितळी बिल्ला. दोन्ही हातांत लाल कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं त्यानं तान्ह्या मुलासारखं धरलं होतं.

"राव, तुमच्या आयचं नाव काय?"

मला वाटलं, रुजू होण्याच्या कागदावर लागत असेल. म्हटलं, "द्वारका."

"द्वारका." त्यानं ते नाव जिभेवर घोळवून पाहिलं. "हयात?"

"हो. वाड्याला असते."

"जपा," तो म्हणाला आणि गाठोडं घेऊन आतल्या खोलीत निघून गेला.

त्या दिवसापासून पुढची सगळी वर्षं मी सोमासाठी 'द्वारकेचा' झालो. "द्वारकेच्याला पाणी द्या." "द्वारकेचा आज उशिरा आला." माझं खरं नाव त्याला माहीत होतं की नाही, मला अजूनही शंका आहे.

एकट्या माझंच असं नव्हतं. अख्खं जव्हार त्यानं असंच लावून ठेवलं होतं. वाणी गोमतीचा, न्हावी सखूचा, शाळामास्तर अन्नपूर्णेचे. खुद्द नानासाहेब त्याच्या लेखी भागीरथीचे होते. एकदा भर कचेरीत पक्षकारांसमोर "भागीरथीच्यांनी सही केली नाय अजून" असं तो मोठ्यानं म्हणाला, तेव्हा नानासाहेब टोपीपासून मानेपर्यंत लाल झाले. पण त्यांनी त्याला झापलं नाही. नंतर मला हळूच म्हणाले, "आई जाऊन अकरा वर्षं झाली हो. तिचं नाव या गावात हा एकटाच घेतो."

मी सोमाला विचारलं, "बापाचं का विचारत नाहीस?"

"बाप रकान्यात असतो," तो म्हणाला. "त्याला कोण बी विचारतं."

एकदा पुलाची पाहणी करायला एक गोरा इंजिनीयर आला. कचेरीत सगळे उभे. साहेब खुर्चीत बसला, सोमानं त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि मागे सरायचं सोडून तिथंच थबकला. आम्ही ओळखलं. नानासाहेबांनी डोळे वटारले, मी टाक खाली पाडला. उपयोग झाला नाही.

"सायबाच्या आयचं नाव काय?"

दुभाष्यानं घाम पुसत पुसत ते इंग्रजीत सांगितलं. साहेबानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "मेरी."

सोमाला फार आनंद झाला. "मेरी म्हणजे हिंदुस्थानीत माझी," तो आम्हाला नंतर समजावून सांगत होता. "काय नाव हाय बगा! ज्यानं हाक मारली त्याची."

दफ्तरात सोमाचं काम कागद सांभाळायचं. जव्हारचा पाऊस चार महिने भिंतींतून आत येतो. कागदांना बुरशी धरते, कसर लागते. पाऊस सरला की सोमा एकेक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडून अंगणात उन्हाला घालायचा, आत कडुनिंबाचा पाला भरायचा. हे करताना तो कागदांशी बोलत असे. जमिनीच्या तंट्याचे कागद त्याला आवडत नसत. "ही भांडखोर माणसं. यांना वेगळं वाळवा, शेजाऱ्याला चावतील." त्याला अक्षर म्हणून एक येत नव्हतं, पण कुठला रुमाल कुठल्या सालाचा, हे तो गाठीवरून सांगे. आम्ही तासभर शोधून न सापडलेला कागद तो डोळे मिटून काढून देई.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला. पळसाच्या पानात करवंदं होती, आणि काखेत एक जुना रुमाल.

"राव, हे वाचून दावा."

मोडीत लिहिलेली यादी होती. मोठ्या दुष्काळात मोखाड्याकडच्या रस्त्याचं काम निघालं होतं, त्या कामावर वारलेल्यांची. मी वाचू लागलो. पुरुषांची नावं आली की सोमा करवंद खाई. बाईचं नाव आलं की त्याचा हात थांबे.

"मंगळी, नवऱ्याचं नाव लक्ष्या, गाव साखरशेत."

सोमा डोळे मिटून बसला. मग म्हणाला, "ही नाय."

"कशावरून?"

"अंगावर काटा नाय आला."

अशी सात-आठ नावं त्यानं नापास केली. तेव्हा मला कळलं, की गावभर आयांची नावं गोळा करणाऱ्या या माणसाला स्वतःच्या आईचं नाव ठाऊक नव्हतं.

त्यानं सांगितलेली हकीकत पाच-सहा वाक्यांची होती. दुष्काळात डोंगरातली माणसं खडी फोडायला रस्त्याच्या कामावर आली. त्यांतल्या एका बाईचं पोर जव्हारला राहिलं. राजवाड्यावरच्या चोपदाराची विधवा, काशीमावशी, हिनं ते नेलं आणि वाढवलं. नाव विचारलं तर पोर नुसतं "पोसा, पोसा" म्हणे. डोंगरातल्या बोलीत पोसा म्हणजे पोरगा. मावशीनं त्याला सोमवारी घरी नेलं, म्हणून तो सोमा.

"आणि आई?"

"रस्त्यावर गेली. मावशी सांगायची."

"नाव?"

"मावशीला म्हाईत नव्हतं. तिला म्हाईत असतं तर हितं अठरा वर्षं कागूद कशाला वाळवले असते?"

सगळ्यांची नावं दफ्तरात असतात, असं त्याला लहानपणी कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून सोळाव्या वर्षी त्यानं दफ्तराची नोकरी धरली. राजवाड्यावर मावशीच्या ओळखीनं घोड्यांकडची, जास्त मानाची चाकरी मिळत होती, ती सोडून. शिकून घ्यावं असं त्याला वाटलं नव्हतं का? वाटलं होतं. मास्तरांकडे महिनाभर बसलाही होता. पण मोडी अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी चालू लागत. मग त्यानं ठरवलं, की वाचणारे येतात-जातात, रुमाल आपल्या हातात असले म्हणजे झालं. दर नव्या कारकुनाला तो पहिल्यापासून वाचायला लावी. कोणी दोन दिवस वाचलं, कोणी हसलं, कोणी हाकलून दिलं.

एकानं तर नाव बनवून दिलं होतं. यादीत बोट ठेवून म्हणाला, "ही बघ तुझी आई. सरस्वती." सोमानं वर्षभर ते नाव धरलं. सर्वपित्रीला त्या नावानं पान ठेवलं.

"मग?"

"मग एक दिवस वाटलं, डोंगरातली बाई, खडी फोडणारी. तिचं नाव सरस्वती कोण ठेवंल? त्या कारकुनाला धरला. तो हसाय लागला." सोमा करवंदाची बी बोटानं खाली ढकलत होता. "वर्षभर दुसऱ्याच कोणाला तरी हाक मारत होतो, राव. तिला बी वाटलं असंल, हा कोण? तुम्ही बनवू नका. नसलं तर नाय म्हणा."

मी शब्द दिला.

पुढं दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा, मी सोमाला मेलेल्यांची नावं वाचून दाखवली. तो मला त्या बदल्यात रानातलं काहीबाही आणून देई. उन्हाळ्यात करवंदं, पावसात कंटोळी, थंडीत उकडलेले कंद. माझ्या बायकोचा, तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, समज असा झाला की कारकुनाचा पगार संस्थानात भाजीच्या रूपानं मिळतो. सोमाचं मात्र लग्न झालं नव्हतं. मी एकदा छेडलं तर म्हणाला, "मुलीकडचे बसले की पहिला सवाल, पोराची आय कोण. मी त्यांना रोज तोच विचारतो, त्यांनी मला विचारला तर राग कसा धरू? पण उत्तर नाय ना."

रस्त्याचा हजेरीपटही सापडला. तो वाचताना मला लाज वाटली. पुरुष नावानिशी होते. खाली एका ओळीत लिहिलेलं, 'बायका अडतीस.' सोमानं विचारलं, "नावं?" मी म्हटलं, "नाहीत. नुसता आकडा आहे." तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. "ह्याच्यात हाय ती," म्हणाला, आणि त्या दिवशी त्यानं तो कागद उन्हात सर्वांच्या शेवटी, संध्याकाळपर्यंत ठेवला.

दुसऱ्या वर्षीचा पाऊस मोठा झाला. दवाखान्याच्या कागदांच्या फळीवर गळती लागली आणि एक अख्खा रुमाल भिजला. दसऱ्यानंतर आम्ही दोघं अंगणात बसून चिकटलेली पानं सोडवत होतो. काय शाबूत राहिलं आणि काय गेलं याची यादी मला करायची होती, म्हणून मी प्रत्येक पान पुटपुटत वाचत होतो. त्यात एक पान होतं, रस्त्याच्या कामावरल्या आजारी माणसांचं. मी आपला सरकारी सुरात वाचत गेलो.

"पोशेऱ्याची टोळी. बाई एक, वय अजमासे बावीस, ताप. गाडीने रवाना खोडाळे. मूल एक, मुलगा, वय अजमासे तीन, उजवा पाय चुन्यात भाजलेला, सबब जव्हारास दवाखान्यात ठेविला."

मी पुढच्या ओळीवर गेलो. सोमानं माझं मनगट धरलं.

"परत."

मी परत वाचलं. मग त्यानं जे केलं ते मी दीड वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. घोट्यापर्यंतचं धोतर त्यानं गुडघ्यावर घेतलं. उजव्या गुडघ्याखाली पोटरीभर कातडी पांढरी, सुरकुतलेली, साय धरल्यासारखी होती.

आम्ही दोघं त्या पायाकडे पाहत बसलो.

"रवाना म्हणजे काय, राव?"

"पाठवली. घरी पाठवली."

"म्हणजे मेली नाय."

"तेव्हा तरी नाही, सोमा."

त्यानं धोतर खाली घेतलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग आपण इतकी वर्षं मेलेल्यांत कशाला शोधत होतो?"

तो उठला आणि रुमाल बांधू लागला. त्याची गाठ त्या दिवशी दोनदा सुटली.

खोडाळा मोखाड्याच्या पलीकडे. तो मुलूख संस्थानचा नव्हे, खालसातला, म्हणजे इंग्रजांचा. सोमा वीस वर्षं ज्या दफ्तरात आई शोधत होता, त्या दफ्तराची हद्द तिच्या गावाच्या अलीकडेच संपत होती.

दिवाळीला कचेरी चार दिवस बंद असे. मी म्हटलं, आपण जाऊ. बायकोला माहेरी पाठवलं, आईला कार्ड टाकलं की या दिवाळीला येत नाही, आणि नरकचतुर्दशीला सकाळी मोखाड्याकडे जाणाऱ्या एका गाडीवानाला गाठलं. सोमा नवा कोट घालून आला होता, वर पट्टा आणि बिल्ला. गाडी गावाबाहेर पडली तेव्हा त्यानं विचारलं, "द्वारकेला काय सांगितलंत?"

मी कार्डाचं सांगितलं.

तो इतका चिडला की मोखाड्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. गाडीवानाला मात्र ऐकवत होता. "हयात आय सोडून लोकाची आय शोधाय निघालेत. शिकलेली माणसं ही अशी." गाडीवान मान डोलवत होता. उतरताना गाडीवानाचा निरोप घेतला तोही, "संभाळून जा, तानीच्या," असा. म्हणजे रागातसुद्धा त्यानं आपलं काम चुकवलं नव्हतं.

मोखाड्याला एका ओळखीच्या तलाठ्याकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पायी निघालो. वाटेत पोशेरा लागलं. भात कापून झालं होतं, वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीवर नागली तांबूस होऊन उभी होती. सोमा दर घरापाशी चाल कमी करी, आत पाही, आणि पुन्हा चालू लागे. मी थकून बसलो की तो उभाच राही. एकदा म्हणाला, "राव, असंल का ती?"

"किती वर्षं झाली, सोमा."

"पंचावन-छप्पनची असंल. म्हातारी नाय काही."

त्यानं तो हिशोब अंगणात पान वाचलं त्या दिवसापासून मनात धरला होता, हे मला तेव्हा कळलं. मीच तर म्हटलं होतं, तेव्हा तरी नाही मेली म्हणून.

खोडाळ्याला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दिवाळीच्या बाजाराची मोडामोड चालली होती. मी दुकानदारांना, म्हाताऱ्या माणसांना विचारत गेलो. दुष्काळात रस्त्याच्या कामावरून तापानं परत आलेली बाई, जिचं पोर जव्हारला राहिलं. बहुतेकांनी माना हलवल्या. एका मीठवाल्यानं ओढ्यापलीकडे बोट दाखवलं. "त्या पाड्यावर रखमी म्हातारी हाय. ती गेलती रस्त्याला. तिला विचारा."

ओढा ओलांडला. पाच-सहा कुडाची घरं. एका अंगणात खळ्यावर नागलीची कणसं पसरली होती आणि एक म्हातारी काठी घेऊन कोंबड्या हाकत होती. डोळ्यांत फुलं पडलेली. कोंबड्या तिला दिसत नव्हत्या, ती आवाजावर काठी मारत होती, त्यामुळे काठी बहुतेक वेळा कणसांवरच बसत होती.

मी सोमाकडे पाहिलं. विचार, अशी खूण केली. ज्या माणसानं गोऱ्या साहेबाला विचारायला कमी केलं नव्हतं, तो पट्टा सारखा करत होता, बिल्ला पुसत होता.

शेवटी मीच पुढं झालो. सगळं सांगितलं, पान, टोळी, ताप, पाय भाजलेलं पोर.

म्हातारीनं काठी थांबवली. "बुधीचं विचारता व्हय?"

इतकंच. वीस वर्षं जे अडतीस बायकांत, मेलेल्यांच्या याद्यांत सापडलं नव्हतं, ते तिनं कोंबडी हाकता हाकता सांगून टाकलं. बुधवारी जन्मलेली, म्हणून बुधी.

"माझ्या भावाची बायको ती," म्हातारी सांगू लागली. "भाऊ दुष्काळात गेला. आम्ही दोघी रस्त्याला गेलो. पोर लई वांड. चुन्याच्या खड्ड्यात पाय घातलान. तिला तवा अंगात ताप, उभी राहवंना. गाडीत घातली तर गाडीतून उडी टाकाय बघं. मी धरून आणली."

"मग पोराला न्यायला कोणी आलं नाही?" मी विचारलं. सोमा अजून अंगणाच्या कडेलाच उभा होता.

"आली ना. कशी नाय आली? चार महिनं अंथरुणात होती. उठाय लागली तशी गेली चालत जव्हारला. मी बी संगती होते. पोर सापडलं. एका बाईच्या वसरीवर बसून भात खात होतं. दूध घालून. अंगात सदरा. बुधी म्हणाली, चल रं. तर ते त्या बाईच्या मागं लपलं. बुधीनं हात धरला तर बोंबलाय लागलं आय आय करून. त्या बाईला, हिला नाय."

म्हातारीनं आवाजावर एक कोंबडी हाकली. मी सोमाकडे पाहण्याचं धाडस केलं नाही.

"ती बाई चांगली होती. म्हणाली, तुझं हाय, घेऊन जा. मी हाताला धरून सोडवते. बुधी वसरीच्या पायरीवर बसली लई वेळ. घरात आमच्या कंद उकडून खाणं चाललं होतं तवा. मग बाईला म्हणाली, राहू दे. मोठा झाला, विचारलंन, तर सांग मेली म्हणून. नाव बी सांगू नको. नावाचा माग काढत येतील पोरं."

"आणि नंतर?"

"चार पावसाळे काढले तिनं. दूध मिळालं कुठं, कोणी दिलं, तर पीत नव्हती. म्हणायची, तिकडं पीत असंल तो. मग गेली. हितंच, ह्या घरात."

सोमा तेव्हा पुढं आला. म्हातारीसमोर खाली बसला, नव्या कोटानिशी, कणसांत. म्हणाला, "मला आठवत नाय. मी लपलो ते मला आठवत नाय. भात आठवतो."

म्हातारीचा चेहरा बदलला. तिनं हात पुढं केला, चाचपडत त्याच्या गुडघ्यावर ठेवला, खाली सरकवला. धोतराखालच्या त्या सुरकुतल्या कातडीवर तिची बोटं फिरली आणि तिथंच थांबली.

"जान्या?" ती म्हणाली.

आम्ही दोघंही समजलो नाही.

"जान्या तू. तुज्या बापानं ठेवलं नाव. त्याच्या बापाचं."

आईच्या नावापायी जन्म काढलेल्या माणसाला स्वतःचंही नाव ठाऊक नव्हतं, हे त्याच्याही ध्यानात तोवर आलं नसावं. तो हसल्यासारखं काही तरी करू लागला, पण ते हसू नव्हतं. म्हातारीनं त्याला रडू दिलं. मग म्हातारी माणसं करतात तसं, एकदम व्यवहारावर आली.

"बस झालं. ऊन जातं. जान्या, कोंबड्या कोंड."

"आं?"

"कोंबड्या कोंड, म्हणते. मला दिसत नाय. टोपल्याखाली घाल."

आणि संस्थानचा दफ्तरी, कोट, पट्टा, पितळी बिल्ला सगळ्यानिशी, त्या अंगणात कोंबड्यांच्या मागं धावू लागला. त्याला कोंबड्यांचा काही सराव नव्हता. आयुष्य कागदांत गेलेलं, आणि कागद पळत नाहीत. एक कोंबडी कुडावर चढली, एक माझ्या पायांतून गेली. धोतर सुटायला आलं. म्हातारी बसल्या जागी आवाजावरून मोजत होती. "दोन झाल्या. तिसरी कुठं? जान्या, ती तांबडी परसात गेली बघ. जान्या, अरं, हळू धर, अंड्यावरची हाय!"

"धरतो, आत्या," तो ओरडत होता. "धरतो! थांब!"

डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते, प्रत्येक हातात एकेक कोंबडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. तो ओढ्यापर्यंत पोचवायला आला. कोट काढून ठेवला होता, बिल्ला नव्हता. म्हणाला, "राव, मी राहतो आठ-पंधरा दिवस. तिची नागली झोडायची हाय. कुडाला शेण लागलं नाय."

"रजेचा अर्ज द्यावा लागेल, सोमा. तू वीस वर्षांत एकदाही रजा घेतली नाहीस."

"तुम्ही लिहा माझ्या वतीनं. अंगठा उठवून देतो."

कोऱ्या कागदावर त्यानं तिथंच अंगठा उठवून दिला, माझ्या खिशातल्या दौतीच्या शाईनं. मी ओढा ओलांडून मागं पाहिलं तेव्हा तो घराकडे चालला होता. तो चालताना उजवा पाय किंचित ओढतो, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं.

कचेरी उघडली त्या दिवशी मी अर्ज लिहायला बसलो. तारीख घातली, हुद्दा घातला, दिवस घातले. कारणाच्या जागी आलो आणि टाक थांबला. नातलग आजारी लिहावं, तर कोणी आजारी नव्हतं. घरगुती अडचण लिहावी, तर अडचण कसली? शेवटी मी सरळ लिहिलं, 'घरी गेला आहे.' आणि कागद नानासाहेबांपुढे ठेवला.

नानासाहेबांनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"ह्याला घर कधी झालं?"

"होतंच," मी म्हटलं. "खोडाळ्याला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काही न विचारता टाक शाईत बुडवला, पंधरा दिवस खोडून एक महिना केला, आणि सही केली.